पलंग की सहा बाय चार

२ जून

चिमे,

आशीर्वाद आहेतच, ते काही भांडणावर अवलंबून नसतात.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते. दोन वर्षांतलं हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही, म्हणजे याला येईलच असं मी धरून चाललेली नाही. पण घरात जे चाललंय ते तुला कळायला हवं, कारण मूळ त्याचं तूच आहेस.

तुझे बाबा तू मागे ठेवून गेलेले ते खेळातले इवलाले सैनिक घेऊन बसतात, हे तुला ठाऊकच असेल. तुमचं बोलणं होतं. मी माळ घेऊन देवापुढे बसले की बाहेर फोन वाजतो, हे का मला कळत नाही? कळतं. मी मध्येच उठत नाही, एवढंच.

नोकरी संपल्यावर माणसं पेपर वाचतात, कुंड्यांना पाणी घालतात, बायकोला बाजारातून चार वस्तू आणून देतात. हे बोटाच्या पेराएवढ्या माणसांच्या टोप्या रंगवतात. रंगवेनात का, माझी काही तक्रार नव्हती. पण आता त्यांना लढायलाही माणूस मिळालाय. आपल्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे ना, तिथले ते उंच चष्मेवाले. रविवारी दुपारी दोघं मिळून जेवायच्या टेबलावर हिरवी चादर टाकतात, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, आणि टेपने मोजून मोजून एकेक सैनिक पुढे सरकवतात. हा सहा इंच, तो आठ इंच. मग फासे. मग वाद. लढाई संपेपर्यंत ताटं मांडायची नाहीत. गेल्या रविवारी आम्ही दोघं ओट्याशी उभ्याने जेवलो, कारण टेबलावर म्हणे पूल पडायचा बाकी होता.

इथवरही मी सोसलं. पण जेवायचं टेबल पडलं पाच बाय तीन. यांचं म्हणणं, एवढ्या जागेत सैन्य मांडलं की ते मांडल्या जागीच समोरच्याच्या नाकाला नाक लावतं, वळसा घालून जायला वावच राहत नाही. म्हणून यांना वेगळं टेबल हवंय. सहा फूट बाय चार फूट. आणि ते तुझ्या खोलीत.

तुझी खोली दहा बाय नऊची. पलंग बाहेर काढल्याशिवाय तिथे सहा बाय चार बसत नाही. मी सरळ सांगितलं, पलंग हलणार नाही. पोरगी आली तर झोपेल कुठे? यावर ते टेप गुंडाळत बसले.

तेव्हा तू एक काम कर. फोनवर त्यांना सांग की लहान टेबलही पुरतं. तुझं ते ऐकतील. माझं चाळीस वर्षं ऐकताहेत, त्यामुळे आता त्यांना ऐकूच येत नाही.

सैनिकांसाठी तू केलेल्या त्या पुठ्ठ्याच्या पडक्या शहराबद्दल मी मागेच लिहिलंय. खोली झाडताना कचरा समजून गेलं. तू ढिगारा इतका हुबेहूब केला होतास की तो ढिगाराच वाटला. यात माझी चूक किती आणि तुझ्या हातातलं कसब किती, ते तूच ठरव. पुन्हा पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही.

तब्येतीला जप.

आई


१० जून

चिमे,

तू त्यांना सांगितलंस. काय सांगितलंस तेही कळलं. परवा माळ खाली ठेवून बाहेर आले तर यांचा चेहरा असा फुललेला, जणू बढतीचा कागद हातात पडलाय. म्हणे, "ती म्हणाली, होत असेल तर सहा बाय चारच करा."

मी तुला लिहिलं एक आणि तू केलंस दुसरं. मला एक ओळ नाही, त्यांना मात्र अर्धा तास मापं.

बरं. मग मीही मापानेच बोलायचं ठरवलं. शिक्षण माझं मॅट्रिकपर्यंतचं, पण बेरीज-वजाबाकीत मला या घरात अजून कोणी हरवलेलं नाही. दुपारी हे चष्मेवाल्यांच्या दुकानात गेले होते तेव्हा तुझी खोली मी स्वतः मोजली. हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मांडून ठेवलंय, तेच इथे उतरवते. खोलीची रुंदी नऊ फूट. त्यातून पलंग वजा, तीन फूट. उरले सहा. त्यातून टेबल वजा, चार. उरले दोन. म्हणजे टेबल पलंगाला खेटून राहणार आणि पलीकडे भिंतीशी दोन फुटांची बोळ. तुझ्या बाबांचं पोट बघता दोन फुटांत ते जातील, पण वळून परत येणार नाहीत.

हा कागद मी त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला आणि खाली लिहिलं, "पलंग वजा न केल्यास दोन्हीकडे अडीच-अडीच फूट. उत्तम." आणि कागद परत माझ्या कपाखाली. अशी आमची बोलणी चालतात.

मी म्हटलं, चार बाय चार करा की. दहा फुटांतून चार गेले, सहा उरले, दोन्ही टोकांना तीन-तीन फूट. एका टोकाला तुम्ही उभे राहा, दुसऱ्याला चष्मेवाले. मधोमध दोघांचेही हात पोचतात. पलंग जागच्या जागी. यात वाईट काय आहे ते मला कोणीतरी सांगा.

सांगायला चष्मेवालेच आले. ते रविवारी नेमके पाच मिनिटं लवकर येतात, यांच्या बाजूने बोलायला. म्हणाले, "वहिनी, चार फुटांत आमचे घोडेस्वार दुसऱ्याच डावात तुमच्या स्वयंपाकघरात पोचतील." मी म्हटलं, पोचू देत, येताना कपबशा तेवढ्या विसळून ठेवायला सांगा. ते हसले, पण ऐकलं नाही.

मग दोघांनी तुझ्या खोलीत फरशीवर वर्तमानपत्रं पसरली. टेबल केवढं होईल ते डोळ्यांना दिसावं म्हणून. सहा बाय चारचा कागदी चौकोन, चिकटपट्टीने जोडलेला. त्याच्या एका कडेला दोघं जागा असल्यासारखे फिरून बघत होते. दुसऱ्या कडेला पलंग आला तेव्हा चष्मेवाले थांबले, आणि तुझे बाबा चपला काढून पलंगावर चढले आणि गुडघ्यांवर चालत पलीकडे उतरले. चादर मी त्याच दिवशी सकाळी बदलली होती.

हो, बदलते मी. दर पंधरा दिवसांनी. कोणी झोपत नसलं तरी धूळ बसते.

आई


१७ जून

चिमे,

आज सुतार येऊन गेला. पलीकडच्या रस्त्यावर करवतीचा आवाज येतो तो. हे सकाळी दात दाखवायला गेले होते, डॉक्टरने बसवून ठेवलं, आणि सुतार दिलेल्या वेळेला आला. दिलेल्या वेळेला सुतार येणं हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्याने विचारलं, टेबल जेवायचं की कापड बेतायचं? मी म्हटलं, लढायचं. तो म्हणाला, मग पाय जाड लावतो. शहाणा माणूस आहे.

यांनी निघताना कागद दिला होता. त्यावर त्यांच्या टापटीप अक्षरात सगळं होतं. उंची छत्तीस इंच, म्हणजे कमरेत वाकावं लागत नाही. कडेला बोटभर उंच पट्टी, म्हणजे फासे खाली पडत नाहीत. आणि वर मथळ्यासारखं, सहा बाय चार.

तो कागद मी सुताराला दिला नाही. तोंडी सांगितलं. उंची सांगितली, पट्टी सांगितली. माप चार बाय चार सांगितलं.

झालं ते हे असं. मी ते सरळ सांगून टाकते. देवापुढे बसते तिथे खोटं बोलून चालत नाही आणि तुझ्यापुढेही मला चालवायचं नाही. मी कोणाचं काही लुबाडलेलं नाही. घरातल्या खोलीत घरातला पलंग राहावा यासाठी दोन फूट कमी केले. दोन फुटांनी कोणाचं राज्य बुडत नाही.

तुझे बाबा परत आले तेव्हा गाल सुजलेला होता. त्यांनी खुणेनेच विचारलं, आला होता? मी म्हटलं, येऊन गेला, आठवडाभरात देतो म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि मला बसायला खुर्ची ओढून दिली. असं ते हल्ली करत नाहीत. मला दिवसभर घास गिळवेना, आणि दात तर त्यांचा दुखत होता.

तुझ्याकडून काही आलं नाही. पोस्टमन दारावरून पुढे जातो, तर मला आता त्याच्या सायकलचाही राग येतो.

आई


२५ जून

चिमे,

टेबल आलं. त्याचं काय झालं ते लिहिते, फोनवर तुझे बाबा सांगतीलच, पण ते माझी बाजू राखून सांगतील, आणि मला ती राखलेली नकोय.

सुतार आणि त्याचा भाऊ टेबल घेऊन आले. दारातून सहज आत गेलं. तिथेच तुझ्या बाबांच्या कपाळाला आठी पडली, कारण सहा बाय चार आत कसं न्यायचं, आडवं करायचं की उभं, याचं चित्र त्यांनी काढून ठेवलं होतं. टेबल पलंगाच्या शेजारी ठेवलं. छान झालंय, खोटं कशाला बोलू. कडा गुळगुळीत, हलत नाही, डुगडुगत नाही. यांनी टेप काढला. लांबी मोजली. मग रुंदी मोजली. मग पुन्हा लांबी मोजली, जणू पहिल्या वेळेला टेपने चेष्टा केली असावी.

सुतार म्हणाला, बाईंनी चार बाय चार सांगितलं होतं.

तुझे बाबा माझ्याकडे बघत नव्हते, टेबलाकडेच बघत होते. त्यांनी सुताराला पाणी विचारलं, पैसे दिले, दारापर्यंत सोडायला गेले. परत येऊन पलंगावर बसले. मी दारात उभी. मला वाटलं, आता ओरडतील. चाळीस वर्षांत दोनदा ओरडलेत, हे तिसरं. मी तयारीत होते, माझ्याजवळ आकडे तयार होते. नऊ वजा तीन, वजा चार.

ते म्हणाले, "तुला काय वाटतं, हे मी चष्मेवाल्यासाठी करतोय?"

मी आकडे सुरू करणार, तोच ते पुढे म्हणाले,

"ती सहा बाय चारवर खेळते. तिच्या त्या खेळांच्या दुकानात सगळी टेबलं त्याच मापाची आहेत. कधी उगवलीच दारात आणि म्हणाली, बाबा, एक डाव, तर मी काय तिला हे मांडून देऊ?"

एवढंच. मग उठून त्यांनी टेबलावर बोट फिरवून भुसा पुसला आणि बाहेर गेले.

चिमे, मला वाटत होतं या घरात तुझी वाट बघणारी मी एकटी आहे. हे रंगवत बसतात, मोजत बसतात, तुझं नाव काढत नाहीत, म्हणजे यांनी सोडून दिलंय. मला त्याचाच जास्त राग होता, तुझ्यापेक्षा त्यांचा. आणि हा माणूस तुझ्यासाठीच टेबल करून घेत होता. मी पलंग धरून बसले होते, ते टेबल धरून. दहा बाय नऊच्या खोलीत दोन्ही मावत नाही, एवढंच काय ते आमचं भांडण.

रविवारी चष्मेवाले आले. टेबल बघून त्यांनी तोंड उघडलं आणि तुझ्या बाबांकडे बघून मिटलं. खेळले दोघं. घोडेस्वार खरंच दुसऱ्या डावात पलीकडच्या कडेला लागले. कोणी हसलं नाही. चार वाजताच आवरून चष्मेवाले घरी गेले, मी केलेला चहाही न घेता.

तेव्हापासून घरात बोलणं आहे, पण दूध आलं का, दिवा बंद केला का, एवढंच. चहाच्या कपाखाली कागदही येत नाही.

आई


२८ जून

चिमे,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. कागद वाया गेला. पाचवा फाडणार नाही.

त्या शहराबद्दल.

मी कचरा समजून टाकलं नव्हतं.

तू विमा कंपनीतली नोकरी सोडलीस आणि लोकांचे सैनिक रंगवून देते म्हणालीस, तेव्हापासून मला तुझ्या पोटापाण्याची भीती होती. हे तुला तोंडावर कधी नीट सांगितलं नाही. टोमणे मारले. बाहुल्या रंगवून पोट भरत नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणत राहिले. तू ऐकून घ्यायचीस आणि दार लावून घ्यायचीस. आठ महिने तू ते पडकं गाव करत होतीस, थर्माकोल, पुठ्ठा, वाळू, काड्या. कोणत्यातरी मोठ्या स्पर्धेत मांडायचं होतं. मला ते काही माहीत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगितलं. माहीत होतं. तू बाबांना सांगत होतीस ते ओट्यापाशी सगळं ऐकू येतं.

त्या दिवशी तू ब्रश आणायला बाहेर गेली होतीस. मी झाडायला खोलीत गेले. ते जमिनीवर होतं, पडक्या भिंती, विटांचे ढीग, कोसळलेलं छप्पर. कचऱ्यासारखं दिसत होतं हे खरं. पण मी खाली बसून बघितलं. एका घराची एकच भिंत उभी होती, तिला खिडकी होती, आणि खिडकीला पडदा होता. निळा. माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा. मी तो पुसायला म्हणून ठेवलेला, तू कधी घेतलास मला कळलं नव्हतं. तो तू कात्रीने कापून, एका बाजूने जाळून काळा करून लावला होतास.

कचऱ्याला पडदे नसतात. मी ते बघितलं आणि तरी सुपात भरलं. एका खेपेत मावलं नाही. तीन खेपा केल्या, जिने उतरून चढून. चुकून तीन खेपा होत नाहीत.

का केलं ते विचारशील तर, मला वाटलं हे गेलं की तू परत नोकरीवर जाशील. इतकं सरळ वाटलं होतं मला ते. आजार काढून टाकल्यासारखं. तू परत आलीस, रिकामी फरशी बघितलीस, मला काही विचारलंसुद्धा नाहीस. मी आपणहूनच म्हटलं, अगं, कचरा वाटला. तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना? म्हणून तू भांडली नाहीस. खोटं बोलणाऱ्याशी कोणी भांडत नाही, दोन बॅगा भरून निघून जातं.

देवाची माफी मी रोज मागते, ती फुकट असते, मागितली की मिळाली असं धरता येतं. तुझी मागायला दोन वर्षं लागली. मागते.

आता एकच विचारते. खोलीचं काय करू? टेबल चारचं राहू दे की सहाचं करू? म्हणजे पलंग ठेवू की काढू, ते तू सांग. तू सांगशील ते करीन, त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण सांग मला. बाबांना नको. फोनही नको, एका ओळीचं का असेना, कागदावर लिही. मी वाट बघेन म्हणजे बघेन, मला दुसरं येतं काय.

आई


९ जुलै

चिमे,

पाकीट काल आलं. वर नाव बाबांचं.

मी ते त्यांच्या हातात दिलं आणि आत जाऊन डबे पुसायला घेतले, सगळे, पुसलेलेसुद्धा. मनात म्हटलं, हिला एवढं लिहिलं, पोटातलं सगळं काढून ठेवलं, आणि हिने पाकिटावर माझं नावही घालू नये. राग आला. खोटं कशाला सांगू, खूप आला. एक डबा मी असा आपटला की झाकणाला पोचा पडलाय.

थोड्या वेळाने ते कागद घेऊन माझ्याकडे आले. चौकटीचा कागद, त्यावर तू काढलेलं टेबलाचं चित्र, बाजूला बारीक अक्षरात सूचना. ते मोठ्याने वाचायला लागले, आनंदाने, कारण त्यांना हवं ते सगळं होतं त्यात. केलेलं चार बाय चार वाया घालवू नका, त्याला दोन फुटांची जोड द्या. जोडफळीला खालून बिजागरी लावून घ्या, म्हणजे नको तेव्हा खाली पाडता येईल. चार फुटांपेक्षा रुंद मुळीच करू नका, मध्यापर्यंत हात पोचत नाही. भिंतीपासून अडीच फूट सोडा. वर पातळ गालिच्यासारखं कापड चिकटवा, फाशांचा आवाज कमी होतो, आईला त्रास होणार नाही. सोडा, लावा, चिकटवा. सगळं बाबांना, अहोजाहो.

आणि अगदी खाली, कागद संपता संपता, वेगळ्या शाईने एक ओळ.

"पलंग काढ."

तुझे बाबा म्हणाले, बघ, तीसुद्धा मला पलंग काढायलाच सांगतेय. मी डबा खाली ठेवला. कागद त्यांच्या हातातून घेतला. पुन्हा वाचलं. त्यांना म्हटलं, ती तुम्हाला जन्मात कधी "काढ" म्हणाली आहे?

त्यांनी चष्मा वर केला, ओळ बघितली, वरच्या सगळ्या ओळी बघितल्या. मग तो कागद माझ्याकडेच ठेवून बाहेर गेले. थोड्या वेळाने बाहेरून नाक शिंकरल्याचा आवाज आला. सर्दी नाहीये त्यांना.

काढ. दोन वर्षांनी मुलीचा आईला शब्द आला, तो हा. माफ केलं नाही, येते नाही, कशी आहेस नाही. "पलंग काढ." मी तो कागद कितीदा वाचला ते सांगत नाही. याचा अर्थ मी काय घ्यायचा? वाट बघणं थांबव, असा? की झोपायला येणार नाही पण खेळायला येईन, असा? की तुझ्या बाबांना खेळू दे आणि मला मोकळं कर? एक ओळ लिही म्हणून मीच म्हटलं होतं, दोन मागायला हव्या होत्या.

पण एक शब्द बोलणार नाही असं लिहून बसलेय. तर इथेच थांबते.

आई


१२ जुलै

चिमे,

पलंग काढला.

सुताराला आज बोलावलं. या वेळी यांचा कागद त्याच्या हातात दिला आणि यांच्यासमोर वाचून घेतला. पलंगाचे पाय सुटे केले, फळी बाहेर काढली. सहा बाय तीनची अखंड फळी, चांगल्या लाकडाची, आपण ती तुझ्या शाळेच्या पहिल्या वर्षी करून घेतली होती. सुतार म्हणाला, नवीन प्लायवुड कशाला आणता, जोड यातूनच निघते. चार बाय दोन कापून घेतली. कापताना मी तिथेच उभी राहिले. टेबलाला जोडल्यावर रंगात थोडा फरक दिसतो, पण वर कापड चिकटवल्यावर दिसणार नाही, असं तुझे बाबा म्हणाले. मी म्हटलं, दिसलं तरी चालेल.

सहा बाय चार झालं. मी सगळीकडून फिरून बघितलं, कुठे अडत नाही. चष्मेवाल्यांना निरोप गेलाय. या रविवारी मी दोघांना आधीच जेवायला घालणार आहे, म्हणजे पूल पडो न पडो.

तू पलंग काढ म्हणालीस. गादीबद्दल काही लिहिलं नव्हतंस. ती मी काढलेली नाही. टेबलाखाली अंथरून ठेवली आहे. पाय जाड असले तरी मधे बरोबर तीन फूट जागा उरते, मी मोजूनच घेतलं होतं.

आई